दोघींपैकी एक

डेलरॉय, मिसिसिपी
रविवार, ५ सप्टेंबर १९६५

लवर्न,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

काल दुपारी मी तुझ्या बाबांच्या सलूनमध्ये गेले होते. शनिवारची गर्दी होती. तिघे बाकावर पेपर वाचत होते, एक खुर्चीत. मी विचारलं, "लवर्न कुठंय? मंगळवारी किती वाजता निघायचं ते ठरवायचंय." तुझे बाबा वस्तरा पुसत म्हणाले, "ती डेट्रॉइटला गेली. ड्रुसिलाकडे, माझ्या बहिणीकडे. सकाळच्या बसमध्ये बसवून दिली." मला वाटलं आत्या आजारी असेल. म्हटलं, "परत कधी येणार?" तर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा तिकडेच शिकेल. मी घाबरलो, अर्डेल. एकुलती एक पोर आहे, तिची आई नाही. मी घाबरलो."

बाकावरचे तिन्ही पेपर खाली आले. मिस्टर ओटिस उठले, टोपी घातली आणि दाढी न करताच निघून गेले.

जूनमध्ये आपण एकाच पेनाने फॉर्म भरले होते. कोणत्या शाळेत जायचं ते ज्याचं त्याने निवडावं असा सरकारचा नियम आला तेव्हा तूच मला म्हणाली होतीस, चल, गोऱ्यांच्या हायस्कूलची प्रयोगशाळा बघू तरी. तिघांनी नावं दिली. नेट क्रॉस्बीच्या घरच्यांना मळ्याच्या मालकाने खोलीतून बाहेर काढलं, त्यांनी नाव मागे घेतलं. ते मी समजू शकते. पण तुझ्या बाबांना कोण काढणार होतं? दुकान त्यांचं, घर त्यांचं, गिऱ्हाईकं सगळी आपलीच.

आता मी एकटी उरले. आई स्वयंपाक करताना मोठमोठ्याने गाते आणि मी दुसऱ्या खोलीत गेले की एकदम गप्प होते. तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते, मला भीती वाटतेय. पत्ता तुझ्या बाबांनी दिला. त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

अर्डेल

*

डेट्रॉइट
११ सप्टेंबर

प्रिय अर्डेल,

मी प्रिय लिहिते, तुला चालत नसलं तरी.

तुला न सांगता आले याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहिता येणार नाही. सगळं एकदम ठरलं. बाबांनी ठरवलं. मी काय करणार होते, तूच सांग. त्यांच्यापुढे कोणाचं चालतं.

इथलं सांगते. आत्या मोटारींच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे. सकाळी पाचला जाते, पाय सुजवून येते आणि पाय बादलीत घालून मला जगाच्या बातम्या सांगते. शाळेत एकही गोरं पोर नाही. मला वाटलं होतं उत्तरेत सगळे मिसळून बसत असतील. वर्गातली पोरं माझं बोलणं ऐकून हसतात. एक जण म्हणाला, "ए मिसिसिपी, कापूस झाडावर लागतो की जमिनीत?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात." त्यानंतर जरा बरं चाललंय.

पहिला दिवस कसा गेला? कोण कोण होतं बाहेर? कोणी तुला काही बोललं का? कोणी काही विचारलं का? काय घातलं होतंस? सगळं लिही. अगदी सगळं लिही.

तुझी,
लवर्न

*

डेलरॉय
१९ सप्टेंबर

लवर्न,

सगळं लिही म्हणतेस. ठीक.

मंगळवारी सात वाजता दारात हॉर्न वाजला. बाबा तर सहालाच लाकडाच्या मिलवर गेले होते. आई पडद्याआडून बघते तर तुझ्या बाबांची गाडी. ते खाली उतरले नाहीत. खिडकीतून म्हणाले, "सिस्टर टकर, शाळेची बस तिला घेणार नाही. मी घेऊन जातो आणि घेऊनही येतो. रोज." आईने मला ढकललंच गाडीत.

वाटभर मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शाळेच्या फाटकाशी दीडशे तरी माणसं असतील. बाया पोरं कडेवर घेऊन आलेल्या, जत्रेला यावं तशा. ओरडत होते ते काय ते तुला माहीत आहे, ते शब्द मी लिहीत नाही. मला जास्त भीती एका गप्प माणसाची वाटली. चांगला टाय लावलेला, वयस्क. मी समोरून गेले तेव्हा तो शेजारच्याला शांतपणे म्हणाला, "पिवळ्यातली टकरची. निळी आलेली दिसत नाही." मला काहीच कळलं नाही. निळी म्हणजे काय?

वर्गात मी मागच्या कोपऱ्यात बसते, भिंत पाठीशी असावी म्हणून. आसपासची चार बाकं मोकळी. मास्तर हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबतात आणि खोकतात. कोणी मारलं नाही अजून. बोलतही नाही कोणी. सात तास, लवर्न, सात तास कोणी बोलत नाही आणि प्रत्येक जण बघत असतो.

एक गंमत सांगते. वर्गात रॉय हॅल्बर्ट आहे. आई त्यांच्याकडे इस्त्रीला जाते ना, तेच. एक बाक सोडून पुढे तो बसतो तेव्हा त्याच्या कॉलरीला आईने घातलेले टाके मला दिसतात. शुक्रवारी जिन्यात त्याने पाय आडवा घातला. मी सहा पायऱ्या घसरले. गुडघा फुटला. आईला सांगितलं, पाय मुरगळला.

घरी काय झालं तेही ऐक. बाबांना संध्याकाळी गाडीचं कळलं. म्हणाले, "स्वतःची पोरगी लपवली आणि माझ्या पोरीचा ड्रायव्हर झाला? पाप धुतोय होय? उद्यापासून ती चालत जाईल."

आई म्हणाली, "अडीच मैल. त्यातला दीड मैल त्यांच्या वस्तीतून. तू जातोस बरोबर? मिलवर सुट्टी मागून ये."

बाबा जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि मी बसले.

अर्डेल

*

डेट्रॉइट
२६ सप्टेंबर

प्रिय अर्डेल,

बाबा तुला रोज नेतात हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या पत्रात फक्त हवामान असतं आणि "अभ्यास कर" एवढंच.

अर्डेल, त्यांना नको म्हण. दुसरं कोणी बघा. रेव्हरंडना विचारा, चर्चमधल्या पुरुषांनी पाळ्या लावल्या तर? रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी, तीच गाडी. त्या लोकांना सगळं माहीत असतं, कोण कुठून येतं, कधी येतं. तुला कल्पना नाही त्यांना किती माहीत असतं. बाबांना काही झालं तर मला कोणी नाही.

आणि जिना टाळ. दुसरा जिना असेल ना?

तुझी,
लवर्न

*

डेलरॉय
३ ऑक्टोबर

लवर्न,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या गुडघ्याला एक ओळ, तुझ्या बाबांना अख्खं पान.

मला कल्पना नाही म्हणतेस. बरं, तुला देते कल्पना. सोमवारी मिसेस हॅल्बर्टने आईला मागच्या दाराशीच थांबवलं. सोळा वर्षं जातेय आई तिथे. ती म्हणाली, "कोर्डी, तुझं काही चुकलं नाही गं, पण लोक बोलतात." आई घरी येऊन खुर्चीत बसली, हात मांडीवर उलटे टाकून. मग म्हणाली, "आता त्या पोराच्या कॉलरी कोण नीट करतं बघतेच." आम्ही दोघी हसलो. मग ती रडली.

गेले आठ दिवस एक हिरवा ट्रक आमच्या मागे येतो. पुढे जात नाही, हॉर्न देत नाही. तुझे बाबा आरशात बघतात आणि वेग तोच ठेवतात. मी सकाळी काही खात नाही, कारण खाल्लं तर राहत नाही. शाळेत पाणी पीत नाही, कारण बाथरूममध्ये एकटीने जायचं नाही. दाराची कडी वाजली तरी माझे खांदे वर जातात. परवा चर्चमध्ये एका बाळाने खुळखुळा टाकला आणि मी बाकाखाली.

आणि तू मला सांगतेस, माझ्या बाबांना नको म्हण. तुमच्या घरात घाबरायचा मक्ताच घेतला आहे का? त्यांनी तुला पळवलं, आता तू त्यांना पळव.

पत्र लिहू नकोस काही दिवस. मला वेळ नाही.

अर्डेल

*

डेट्रॉइट
१७ ऑक्टोबर

प्रिय अर्डेल,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून दोन आठवडे थांबले. बरी आहेस एवढंच एका कार्डावर कळव. काहीच नको लिहूस, नुसतं नाव लिही.

तुला एक सांगायचं आहे. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

लवर्न

*

डेलरॉय
२१ नोव्हेंबर

लवर्न,

तुझ्या बाबांनी तुला कळवलं असेल की शिडीवरून पडलो आणि मनगट मोडलं. मलाही तेच लिही म्हणाले. मी खोटं लिहिणार नाही.

गुरुवारी सकाळी ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे तो हिरवा ट्रक आला. त्या दिवशी तो मागे राहिला नाही. आधी नुसता धक्का दिला, खेळल्यासारखा. मग शेजारी आला आणि आम्हाला कडेला रेटत नेलं. गाडी चरात गेली. तुझ्या बाबांनी उजवा हात माझ्या छातीपुढे आडवा घातला, म्हणून मी काचेवर आपटले नाही. मी आणि पुढची फळी यांच्यामध्ये तो हात होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला वाटलं माझंच काही मोडलं.

ट्रक पुढे जाऊन थांबला. दार उघडल्याचा आवाज आला. तुझे बाबा अगदी हळू म्हणाले, "डोकं खाली. माझ्या गुडघ्याशी. श्वास हळू घे." मी त्यांच्या पायाशी तोंड दाबलं. बुटांना पॉलिशचा वास येत होता. पावलं आली खडीवरून. एक, दोन, थांबली. मग परत एक. किती वेळ गेला मला माहीत नाही. कोणीतरी शीळ घातली, दार लागलं, ट्रक गेला.

ते म्हणाले, "शाळेला उशीर होईल. चालता येईल ना?"

आम्ही उरलेला अर्धा मैल चाललो. त्यांनी हात शर्टात घातला होता आणि चेहरा राखेसारखा. फाटकाशी म्हणाले, "जा. त्यांना वाटलं पाहिजे की काही झालंच नाही." मी वर्गात गेले. कपाळाला थोडं लागलं होतं, कॉलरीवर रक्त. मास्तरांनी वर बघितलं आणि वहीत उशीर मांडला.

गाडी चरातून ओढून काढली, ती चालते; आता ते डाव्या हाताने चालवतात. शेरीफच्या माणसाने लिहून घेतलं की रस्ता ओला होता. इथे अकरा दिवस पाऊस नाही.

आज चर्च सुटल्यावर मिस्टर ओटिस सगळ्यांसमोर तुझ्या बाबांना म्हणाले, "स्वतःची पोर पेटीत ठेवलीस आणि दुसऱ्याची चरात घातलीस. वा रे पठ्ठ्या." तुझे बाबा टोपी हातात धरून उभे होते. मला वाटलं माझे बाबा तरी काही बोलतील. तेही नाही बोलले.

लवर्न, जो माणूस असा हात घालतो तो घाबरट नसतो. मी काल त्यांना विचारलं, "मग लवर्नला का पाठवलंत?" म्हणाले, "मी घाबरलो. लवर्न नाही घाबरत." आणि चष्मा पुसायला लागले, डाव्या हाताने. पुसता येईना.

मला काय ते सांग.

अर्डेल

*

डेट्रॉइट
शुक्रवार, २६ नोव्हेंबर

अर्डेल,

काल थँक्सगिव्हिंगचा सण होता. आत्याने टर्की केली. मी ताट तसंच ठेवून उठले.

हे पाचव्यांदा लिहितेय. या वेळी फाडणार नाही.

शाळा उघडायच्या आधीच्या शुक्रवारी मी वह्या घ्यायला बाजारपेठेतल्या दुकानात गेले होते. काउंटरवर नेहमीचा पोरगा नव्हता. एक वयस्क माणूस होता, टाय लावलेला. खूप गोड बोलला. म्हणाला, "तू पिकेटची मुलगी ना? मंगळवारी आमच्या शाळेत येणार. छान." त्याने वह्या मोजून पिशवीत घातल्या. म्हणाला, "तू अकरा नंबरच्या घरात राहतेस. झोपायची खोली मागच्या बाजूला. खिडकीला जाळी नाही, बाबांना सांग लावून घे." मग पिशवी माझ्याकडे सरकवली, पण सोडली नाही. "दोघी येणार म्हणे. दोघींपैकी तू कोणती ते ओळखायला हवं. काय घालणार आहेस त्या दिवशी?"

अर्डेल, मी सांगितलं. मी म्हटलं, "निळा फ्रॉक, सर." तो म्हणाला, "आणि टकरची?"

मी म्हटलं, "पिवळा, सर."

माझ्या पायांवरून पाणी गेलं. त्याच्या दुकानात, फरशीवर. त्याने बघितलं आणि म्हणाला, "जा आता. आईबापाला नमस्कार सांग." माझी आई कबरीत आहे आणि ते त्याला माहीत असणार.

घरी येऊन मी बाबांच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, मला पाठवा, कुठेही पाठवा, मी त्या फाटकातून जाणार नाही. त्यांनी विचारलं काय झालं. खिडकीचं सांगितलं. फ्रॉकचं नाही सांगितलं, तुझं नाव मी दिलं ते नाही. ते आजही त्यांना माहीत नाही. त्यांनी त्याच दिवशी मागच्या खिडकीला फळ्या ठोकल्या. मी म्हटलं, अर्डेलला काय सांगू, सगळे काय म्हणतील. ते म्हणाले, "सांगायचं, बापाने ठरवलं. म्हाताऱ्या माणसाने घाबरलेलं चालतं. तुझ्या वयाला ते नाव चिकटलं तर जन्मभर निघत नाही."

मी त्यांना तसं करू दिलं. तुलाही खोटं लिहिलं.

हे पत्र कोणालाही दाखव. चर्चमध्ये वाच हवं तर. मी त्यांना तसं कळवलंय.

लवर्न

*

डेलरॉय
५ डिसेंबर

लवर्न,

गुरुवारी तुझं पत्र आलं. मी ते चुलीत टाकायला निघाले होते. मग बाबांच्या हातात दिलं.

तुला माहीत आहे ते किती हळू वाचतात. दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग टोपी घातली आणि निघाले. मी मागोमाग. सलून रिकामं होतं, मोडका हात म्हणून आता गिऱ्हाईक येत नाही. बाबा सरळ खुर्चीत जाऊन बसले.

"केस काप."

तुझे बाबा म्हणाले, "डाव्या हाताने कापावे लागतील, टकर."

"कापले जातील तसे जातील."

अर्धा तास कात्रीचा आवाज. दोघं आरशात एकमेकांकडे बघत नव्हते. शेवटी बाबा म्हणाले, "पोरीने लिहिलंय." तुझ्या बाबांची कात्री थांबली. म्हणाले, "मूर्ख आहे ती." मग टॉवेलात तोंड घालून खूप वेळ तसेच उभे राहिले. फ्रॉकचं मी सांगितलं. तुझ्या वतीने नाही, मला त्यांना फसवायचं नव्हतं म्हणून. ते एवढंच म्हणाले, "चौदा वर्षांची पोर, आणि तो साठीचा."

आज बाबा त्याच वाकड्यातिकड्या केसांनी चर्चला आले. एका कानावर बरेच, दुसऱ्यावर काहीच नाहीत. मिस्टर ओटिसनी विचारलं, "हे कोणी केलं?" बाबा म्हणाले, "पिकेटने. डेलरॉयमध्ये याच्याहून चांगला न्हावी नाही."

आता माझं. पिवळ्या फ्रॉकचं मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही माहीत नाही. तो फ्रॉक मी परत घातला नाही, घालणारही नाही. पण त्या दुकानात मी असते तर मीही सांगितलं असतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आणि अजून एक, कोणालाच सांगितलेलं नाही. मी ख्रिसमसनंतर जाणार नाही. शूरवीर अर्डेल, रेव्हरंड माझं नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि मी आतून संपले आहे. पहिल्याच आठवड्यात मी आईला म्हटलं होतं, मला परत आपल्या शाळेत घाल. तिचं काम जाणार हे तेव्हा दिसतच होतं. ती म्हणाली, "एक महिना बघ." तीन झाले. वह्या शाईने भिजवतात, कोटात काय काय टाकतात, आणि ते काहीच नाही. चरात ती पावलं थांबली होती ना, ती माझ्या डोक्यात अजून थांबलेलीच आहेत. परत चालू होत नाहीत.

मला तिथे एकटीने बसवत नाही आता. बस.

अर्डेल

*

डेट्रॉइट
१४ डिसेंबर

प्रिय अर्डेल,

तुझं पत्र वाचून मी आत्याला म्हटलं, मी परत जाते. तिने बादलीतून पाय काढले. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? लोक तिकडून इकडे येतात, पोरी. उलटी गाडी कोणी धरत नाही." मग रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवल्यावर म्हणाली, "लोकरीचे मोजे दोन जोड ने."

आत्याने बाबांना फोन केला आणि त्यांनी लगेच चौकशी केली. माझा फॉर्म जूनचा, तो रद्द झाला. पण जिल्ह्यात नव्याने राहायला येणाऱ्या मुलाला कधीही शाळा निवडता येते असं सरकारच्याच कागदात लिहिलंय. मी डेट्रॉइटहून नव्याने येणार. बाबा म्हणतात, शाळाखात्याच्या साहेबाने तो कागद तीन वेळा वाचला आणि चौथ्यांदा चष्मा बदलून वाचला.

मी शूर झालेली नाही, हे आधीच सांगते. हे लिहितानाही दाराकडे बघतेय. रोज ठरवते की जायचं आणि रोज जेवणापर्यंत ठरवते की नको. बसमध्ये बसेपर्यंत माझा भरवसा धरू नकोस.

एकच विचारते. मी आले, तर तू एक दिवस येशील? एकच. नंतर सोडलंस तरी मी काही बोलणार नाही.

लवर्न

*

डेलरॉय
१९ डिसेंबर

लवर्न,

येऊ नकोस असं लिहून पाकीट बंद केलं होतं. आईने विचारलं काय लिहिलंस, मी सांगितलं. ती म्हणाली, "येऊ नये असं वाटतं म्हणून लिहिलंस, की आली नाही तर वाईट वाटू नये म्हणून?" पाकीट फोडलं.

एक दिवस. त्याच्यापुढचं वचन देत नाही.

आता नीट वाच आणि पाठ कर. सकाळी पाणी पिऊ नकोस, कोरडं काहीतरी खा. बूट सपाट घाल, पळता येतील असे. केस वर घट्ट बांध, वेणी मोकळी सोडू नकोस, ओढायला सापडते. कोट खुंटीला लावायचा नाही, मांडीवर ठेवायचा. बसायच्या आधी बाकावर हात फिरवून बघ, टाचण्या असतात. पेन्सिल पडली तर वाकून उचलू नकोस, दुसरी ने. हॉलच्या बाजूचा जिना रॉय हॅल्बर्टचा आणि त्याच्या मित्रांचा आहे, तिकडून एकटीने कधीच नाही. दुसरा जिना तू विचारला होतास, तो आहे, पण त्याला मधल्या सुट्टीत कुलूप असतं. कोणी हाक मारली तर वळून बघायचं नाही, आणि रडायचं तर गाडीत. तुझे बाबा तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघतात.

आणि निळं घालू नकोस.

अर्डेल

*

मंगळवार, ४ जानेवारी १९६६
तिसरा तास, वाचनालय

अर्डेल,

ही चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात ठेवून तुझ्या वर्गाच्या दाराशी टेबलावर ठेवते. त्यांनी आपल्याला मुद्दाम वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलंय.

अक्षर बघून हसू नकोस, मांडीवर ठेवून लिहितेय. बाकावर टाचण्या होत्या. सात. मी हात फिरवून काढल्या आणि खिशात ठेवल्या. हजेरीला मास्तरीण बाई माझ्या नावाशी थांबल्या आणि खोकल्या. मला एवढ्यातही हसू आलं, कारण तू लिहिलं होतंस.

मागे दोघं बसलेत. ते काहीतरी कुजबुजतात आणि माझ्या मानेवर कागदाचे बोळे मारतात. मी वळले नाही. मला परत तसंच होईल असं वाटतंय, दुकानात झालं तसं. आता या क्षणी उठून पळावं असं वाटतंय. बाबा फाटकाशी असतील का अजून? बारानंतर काय होतं इथे?

लवर्न

*

पुस्तक मिळालं. तुझ्याच चिठ्ठीच्या मागे लिहितेय, तास बदलताना तुझ्या वर्गाच्या दाराशी ठेवते.

माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. गाडी तिथेच आहे. पुढच्या सीटवर दोघं आहेत. तुझे बाबा, आणि शेजारी माझे. आज मिलचा दिवस आहे. म्हणजे त्यांना काढलं असणार आणि त्यांनी सकाळी आम्हाला सांगितलं नाही. मी खूप वेळ त्यांच्याकडे बघत बसले. घरी गेल्यावर काय ते बोलू.

बारा वाजता सुट्टी होते आणि सगळे एकदम जिन्यात येतात. दुसऱ्या जिन्याला कुलूप आहे, मी बघून आले. रॉय आणि त्याचे तिघे मित्र तास बुडवून आत्तापासूनच वरच्या पायरीवर उभे आहेत.

घंटा झाली की जागेवरून उठू नकोस. सगळे बाहेर पडू दे. मी तुझ्या दाराशी येते. कठड्याकडून मी, भिंतीकडून तू, हात धरून. धरलेला हात दिसला तर ते जास्त चिडतील. दिसू दे.

उद्या येशील का असं तू विचारणार आहेस. आत्ता विचारू नकोस. आधी हा जिना उतरू.

अर्डेल